मधलं पान

बायडाबाईचं काय बिनसलंय, हे कुंडलच्या बायकांना कळत नव्हतं. सुनेची दोन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली, तरी ही सासू तिला एक शब्द बोलत नव्हती. उलट दुधावरची साय सुनेच्या ताटात, जड पाट्या स्वतःच्या डोक्यावर. हळदीकुंकवाला कोणी "औंदा तरी काय इशेष हाय का गं?" असं संयोगिताला विचारलं, की बायडाबाईच मध्ये पडायची, "तुज्या घरचं इशेष आदी सांग, मग आमच्या चुलीपाशी ये."

आणि पोटचा पोरगा, विश्वजित, मिलिटरीतून सुट्टीवर आला की त्याच्याशी मात्र कोरडी. त्याचा टॉवेल वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्यात. त्याचा कप घासून वेगळा पालथा. "म्हातारीला सोवळं लागलंय," असं तो हसून बायकोला म्हणायचा, पण जाताना एसटीत बसल्यावर हात हलवायला आई थांबलेली नसायची, हे त्याला बोचत असे.

बायडाबाई काही मुळातली मऊ नव्हती. नवरा, नाथाजी, सतरा वर्षं फौजेत. तेवढ्या काळात अडीच एकर ऊस तिनं एकटीनं सांभाळला, पाण्याच्या पाळीसाठी पाटकऱ्याशी भांडली, पोराला शिकवलं. नाथाजी पेन्शनीवर आले आणि चार वर्षांत गेले, तरी घराचा गाडा एक दिवस अडला नाही. तिच्या तोंडाला गल्ली वचकून असे. अशा बाईनं सुनेपुढं नरमावं आणि लेकापुढं ताठावं, याला कारण एक कागद होता. तो तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी संयोगिताला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा रक्त तपासायला दिलं होतं. सून उलट्यांनी हैराण, म्हणून रिपोर्ट आणायला बायडाबाईच गेली. लॅबमधल्या माणसानं तीन पानं हातात दिली आणि इकडं-तिकडं बघून आवाज खाली केला.

"मावशी, मुलगा काय करतो?"

"मिलिटरीत हाय."

"बरोबर. मधल्या पानावरचं डॉक्टरांना लवकर दाखवा. हा आजार बाहेरून येतो. बाहेरून म्हणजे... कळलं ना? दोघांनाही इंजेक्शनं घ्यावी लागतील."

तिला कळलं. तिच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तिची चुलत जाऊ मनुबाई. तिचा नवराही फौजेतलाच, असाच गरमीचा आजार घेऊन घरी आला होता. मनुबाईला एकामागून एक तीन पोरं झाली आणि एकही महिनाभर जगलं नाही. तिसऱ्याला शेवटची आंघोळ बायडाबाईनं घातली होती. नवऱ्याला गावानं काही म्हटलं नाही. मनुबाईला मात्र पांढऱ्या पायाची ठरवलं, आणि तेच ऐकत ती मेली.

एसटीची वाट बघत उभी असताना बायडाबाईनं मधलं पान काढलं, चार घड्या घालून कमरेला खोचलं आणि उरलेली दोन पानं पिशवीत ठेवली. घरी सांगितलं, "सगळं बरं हाय, रगात जरा कमी हाय म्हनं." इंजेक्शनं कशी द्यायची, कुठल्या गावाला जाऊन द्यायची, याचा ती आठ दिवस विचार करत राहिली. नवव्या दिवशी संयोगिताच्या पोटात दुखू लागलं आणि सगळं संपलं.

त्या दिवसापासून बायडाबाईच्या मनात निकाल लागला होता. पाप लेकाचं, भोग सुनेचा. कागद तिनं नाथाजींच्या पेन्शनच्या कागदांत, मेणकापडात गुंडाळून ठेवला. विश्वजित सुट्टीवर आला तेव्हा एकदाच म्हणाली, "रगात तपासून घे." तो म्हणाला, "आये, आमचं दर वर्षी मेडिकल हुतंय. फिट हाय मी." मनुबाईचा नवराही फिटच होता. दुसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्यात बोटाला सुई टोचून पट्टीवर तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. बायडाबाईनं मनाशी म्हटलं, फुकटची पट्टी, तिला काय दिसतंय. पाचव्या महिन्यात तेही गेलं, आणि तिची खात्री आणखी घट्ट झाली.

यंदा दिवाळीनंतर संयोगिताचा डावा पाय सुजला. आधी पोटरी दुखायची. शिर आखडली असेल म्हणून बायडाबाईनं तेल कोमट करून दोन दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत फुगला, कातडी तकतकीत झाली. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. लगेच रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. "चोळणं आधी बंद," तिथल्या नर्सनं बजावलं. "गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती म्हणजे?" बायडाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

विश्वजित तातडीची रजा काढून आला. सहा दिवसांनी तिघं रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर प्रबुद्ध मूळचे जत भागातले, चाळिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. इतकी सावकाश, की बायडाबाईला घाम फुटला.

"सत्ताविसाव्या वर्षी उगाच कुणाच्या पायात गुठळी होत नाही," ते म्हणाले. "त्यात दोन गर्भ गेलेले. प्लेटलेटही थोड्या कमी. याचं काहीतरी एकच कारण असणार." मग ते थांबले. "हा तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट. पान एक आहे, पान तीन आहे. दोन कुठंय?"

संयोगिता सासूकडं वळली. "फाईल आत्याच ठेवतात."

"गळालं असंल कुटं," बायडाबाई म्हणाली. "न्हाईतर उंदरानं खाल्लं असंल."

"तुमच्याकडचा उंदीर हुशार दिसतो, मावशी. अलीकडचं-पलीकडचं सोडून नेमकं मधलंच खातो." डॉक्टर हसले नाहीत. "शोधा. काही जुन्या तपासण्या आता फार उपयोगाच्या ठरतात. चार दिवसांनी या, तेव्हा रक्त घेऊ."

चार दिवस बायडाबाईला जेवण गेलं नाही. कागद दिला तर लेकाचं नाव जाईल, सुनेच्या माहेरचे येऊन दारात बसतील. नाही दिला तर डॉक्टर अंधारात चाचपडत राहतील. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं, संयोगिता उंबऱ्यावर बसून चपलेत पाय घालायला बघत होती. पाय आत जाईना. तिनं पट्टा सैल केला, पुन्हा घातला, पुन्हा निघाला. मग चप्पल बाजूला ठेवून ती तशीच अनवाणी परसात गेली. कुणाला हाक मारली नाही.

बायडाबाई उठली आणि तिनं पेन्शनचं मेणकापड सोडलं.

सांगलीत रक्त द्यायला म्हणून नवरा-बायकोला आतल्या खोलीत पाठवलं आणि ती एकटीच डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. चार घड्यांचा कागद टेबलावर ठेवला.

"उंदरानं परत दिला का?"

"सायेब, चेष्टा करू नगा. माज्या पोराची अब्रू हाय ती. जी काय शिक्षा असंल ती मला सांगा, पन सुनंला वाचवा."

डॉक्टरांनी कागद उलगडला. वाचता वाचता ते खुर्चीत पुढं सरकले. "बसा मावशी," ते एकदम म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं हे?"

बायडाबाईनं सांगितलं. लॅबचा माणूस, मनुबाई, तीन पोरं, टॉवेल, सगळं. सांगताना ती रडली नाही, पण लुगड्याचं टोक पिळून पिळून तिनं दोरी केली.

"आता माझं ऐका," डॉक्टर म्हणाले. "ही तपासणी थेट त्या आजाराचे जंतू शोधत नाही. हिच्यात एक विशिष्ट चरबी वापरतात. त्या चरबीला चिकटणारं काही रक्तात असलं, की तपासणी 'आहे' म्हणते. ते त्या आजारात असतं, हे खरं. पण आणखी एक आजार आहे, त्यात शरीर स्वतःच तसल्या चरबीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. अँटीबॉडी म्हणजे रोगाशी लढायला रक्तात तयार होणारी द्रव्यं. इथं ती चुकून आपल्याच अंगावर उलटतात. रक्ताच्या गुठळ्या होतात, पायात होतात, बाळाच्या वारेतही होतात. आणि ही जुनी तपासणी खोटंच 'आहे' म्हणून सांगते."

"खोटं?"

"खोटं असावं. मी आत्ता छातीठोक सांगणार नाही. तो खरा आजार आहे की नाही, ते सांगणारी वेगळी, पक्की तपासणी असते. ती आज करू. आणि या अँटीबॉडींच्याही करू. त्या तीन असतात. दोन आज होतील. तिसरी आता सुरू असलेल्या औषधानं फसते, ती मागाहून."

"म्हंजे माजा पोरगा..."

"आठ दिवस थांबा. एवढं मात्र खरं, मावशी, हा कागद मला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता." मग आवाज थोडा उतरवून ते म्हणाले, "मलाच असं नाही. कुणालाही. आणि हा कागद तिचा आहे. तिला कळलंच पाहिजे. मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," बायडाबाई म्हणाली.

त्याच दुपारी, विश्वजित उसाला पाणी पाजायला गेल्यावर, तिनं सांगितलं. संयोगिता पाय उशीवर ठेवून शेंगा फोडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही यांना तसलं समजत होता?"

"व्हय."

"आणि मला ती साय, ते लोणी... ते मी आवडते म्हणून नव्हतं. दंड भरत होता तुम्ही. लेकाचा."

"तसं न्हाई गं पोरी..."

"तसंच आहे, आत्या." संयोगितानं शेंगांची पाटी बाजूला सारली. "तेव्हाच दाखवला असता कागद, तर दुसऱ्या खेपेला..." तिनं तोंड फिरवलं. भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "मी गावाला सांगणार नाही. यांना पण नाही. ते तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

त्या रात्री सासूनं वाढलेलं ताट संयोगितानं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी संयोगितानं स्वतःचं जेवण स्वतः वाढून घेतलं. असे सहा दिवस.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. संयोगिताकडं बघत, पण प्रत्येक शब्द बायडाबाईलाही ऐकू जाईल असे ते बोलले. "त्या जुन्या रिपोर्टातल्या आजाराची पक्की तपासणी निगेटिव्ह आहे. आज नाही एवढंच नव्हे, तो एकदा होऊन गेला असता तरी या तपासणीत बहुतेक खूण राहिली असती. तुम्हाला तो कधीच झालेला नाही."

"जुन्या रिपोर्टातला कुठला आजार?" विश्वजित म्हणाला. "ते आत्या सांगतील तुम्हाला," संयोगिता म्हणाली.

"परत एकदा सांगा," बायडाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी परत सांगितलं. बायडाबाई उठली, बाहेर गेली, पाण्याच्या नळाशी उभी राहून तिनं तोंडावर पाणी मारलं, आणि ते पुसायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. तशीच ओल्या तोंडानं आत येऊन बसली.

"आणि अँटीबॉडी?" संयोगितानं विचारलं.

"दोन्ही जोरात पॉझिटिव्ह. पण नाव द्यायची घाई मी करणार नाही. एखाद्या तापातही त्या थोडे दिवस येतात आणि जातात. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं. तेव्हाही असल्या, तर आजार पक्का. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत, सांगू तेव्हा रक्त किती पातळ झालंय ते तपासायचं, आणि अंगावर निळे डाग दिसले तर लगेच फोन."

विश्वजितनं मान हलवली. "म्हणजे आमच्यात फ्रेंडली फायर म्हणतात तसं. आपल्याच माणसाला दुश्मन समजून गोळी घालायची."

संयोगितानं सासूकडं एकदाच पाहिलं. बायडाबाईनं मान खाली घातली.

दोन दिवसांनी विश्वजित ड्यूटीवर निघाला. या वेळी बायडाबाई स्टँडवर गेली. एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, "सेटर घेतलास का?" एकदा म्हणाली, "पानी पीत जा." आणि तिसऱ्यांदा गाडीच सुटली.

घरी आल्यावर संयोगितानं विचारलं, "सांगितलं?"

"सेटर घेतलाय म्हनला."

संयोगिता हसली. हसायचं नव्हतं तिला, पण फसकन हसू बाहेर पडलं. नऊ दिवसांनी पहिल्यांदाच.

बारा आठवडे सरकता सरकत नव्हते. गोळीची वेळ संध्याकाळी सातची. पाच मिनिटं आधीच बायडाबाई तांब्या घेऊन उभी. पालेभाजी एकदम कमी-जास्त झाली की गोळीचा जोर बदलतो, असं सांगितलेलं; म्हणून ती मेथीची जुडी मापून चिरायची. "आवं, सोनं मोजताय का भाजी?" संयोगिता म्हणायची. सूज उतरत गेली. संयोगिताचे टोमणे मात्र चालू राहिले. गल्लीतली भामाबाई एकदा दारात येऊन म्हणाली, "सुनंचे लयच लाड करतीस बाई," तेव्हा आतून संयोगिताच ओरडली, "करू दे की, मागचं बरंच देणं लागतात!" भामाबाईला काही कळलं नाही. बायडाबाईला कळलं, आणि तिला बरंही वाटलं. बोलत नसलेल्या सुनेपेक्षा टोचून बोलणारी सून बरी.

फेब्रुवारीच्या शेवटाला दोघी पुन्हा सांगलीला गेल्या. रक्त दिलं, आणि निकालाला परत बोलावलं त्या दिवशी सकाळी बायडाबाई देवापुढं हात जोडून उभी राहिली. पॉझिटिव्ह यावं असं मनाशी म्हणावं की निगेटिव्ह, तेच तिला कळत नव्हतं. पॉझिटिव्ह म्हणजे सुनेला जन्माचा आजार. निगेटिव्ह म्हणजे कारणच हरवलं, पुन्हा सगळं अंधारात.

"पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही. तेवढ्याच जोरात. आता शंका नाही. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. नाव मोठं आहे, पण नाव सापडलं म्हणजे उपायही सापडला."

"बाळ?" संयोगितानं एकच शब्द विचारला.

"ठरवाल तेव्हा आधी मला सांगायचं, दिवस गेल्यावर नाही. ही गोळी बाळाला चालत नाही, ती बदलावी लागेल. मग रोज पोटात एक बारीक इंजेक्शन, ते तुम्ही घरीच टोचून घ्यायला शिकाल, आणि एक छोटी गोळी. नऊ महिने आम्ही डोळ्यात तेल घालून बघणार. एवढं केलं तर अशा दहा बायकांतल्या सात-आठ जणी बाळ घेऊन घरी जातात. दहाच्या दहा जात नाहीत, हेही सांगतो."

"सात-आठ," बायडाबाई पुटपुटली. दोन खेपांत शून्य पाहिलेल्या बाईला सात-आठ म्हणजे भरलेलं शेत होतं.

दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली बाकड्यावर दोघी बसल्या. संयोगितानं मोबाईल काढला, नवऱ्याला लावला, निकाल सांगितला, हसली, डोळे पुसले. मग फोन सासूपुढं धरला. नुसता धरला.

बायडाबाईनं तो दोन्ही हातांत घेतला.

"आये, ऐकलंस न्हवं? आता समदं चांगलं हुनार."

"विश्या, मला तुला एक सांगायचं हाय. मधी बोलू नगंस." आणि तिनं सांगितलं. स्टँडवर जे तीनदा अडलं होतं ते आता धान्याचं पोतं फाटावं तसं बाहेर पडलं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं कान टवकारले, तरी बायडाबाई थांबली नाही.

पलीकडून आधी बुटांचा आवाज आला; तो कुठंतरी बाजूला जात होता.

"तीन वर्सं?" विश्वजित म्हणाला.

"व्हय."

"एकदा इचारायचं तरी हुतंस, आये."

"तू न्हाई म्हनला असतास. आन् मी इस्वास ठेवला नसता." "मी मनुबाईला बगितलं हुतं रं. डोळ्याम्होरं तीच हुती. तू दिसलाच न्हाईस मला."

मग त्यानं मोठा श्वास सोडला. "मला वाटायचं, मी फौजेत गेलो म्हनून तू रागावलीस. बाबा गेल्यावर तुला एकटी टाकली म्हनून. मी तर बदली मागायचा इचार करत हुतो."

"मागू नगंस. नीट नोकरी कर."

"राग आलाय मला, आये. लय आलाय. आत्ता काय बोलत न्हाई. पन फोन ठेवू नगंस."

तिनं ठेवला नाही. दोघंही काही न बोलता फोन धरून बसली. त्याच्याकडून वाऱ्याचा आवाज येत होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. हिच्याकडून रिक्षांचे हॉर्न. शेवटी तोच म्हणाला, "काय खाल्लंस सकाळपास्नं?"

बायडाबाईला आठवेना. "काय न्हाई."

"संयूलापन उपाशी ठेवलीस? गोळ्या घेती ती."

"आवं, पुरे झालं आता," संयोगिता उठत सासूला म्हणाली. ती आता सरळ चालत होती. "त्यांना म्हणावं, दोघी मिसळ खायला चाललोय. आणि पैसे आत्या देणार आहेत."

"दोन-दोन प्लेट खावा," फोनमधून आवाज आला.

बायडाबाईनं पदरानं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि सुनेच्या मागून निघाली. चार पावलांवर तिच्या लक्षात आलं, आपल्याला खरोखरच कडकडून भूक लागली आहे.